मैनाची वेगळी चूल

माझा नवरा गेला, त्यालाही हे कधी सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगते — का, ते मलाही नीट कळत नाही.

जंगलातलं गोंडांचं एक गाव वाघांसाठी उठणार होतं. तिथे मी अंगणवाडी चालवायचे. मैना तिथलीच. नवरा वारल्यावर माहेरी परतलेली. भाऊ सोमाजीच्या घरामागे कुडाच्या खोलीत राहायची, आपलं आपण रांधायची. तिच्या चुलीपाशी मी कितीदा जेवले असेन.

पुनर्वसनाचे साहेब आले. विधवा बाई वेगळी राहत असेल तर तिचं कुटुंब वेगळं धरायचं, तिला तिचं घर द्यायचं, असा नियम होता. सोमाजीला ते नको होतं — फुकट राबणारी बहीण हातची जाणार. मैना पाण्याला गेली होती. साहेबांनी मला विचारलं, "मॅडम, ही बाई वेगळी राहते का?"

सोमाजी शेजारीच उभा होता. अंगणवाडीची खोली त्याची. तो माझ्याकडे बघत होता. मी कशाला घाबरले? गावच उठणार होतं — खोली तरी कुठे राहणार होती?

"भावाकडेच राहते," मी म्हणाले.

एवढंच असतं तर... पण नाही. संध्याकाळी मैना आली. "बाई, सायबाले सांगा न, मी वायली रांधतो म्हून. तुमचं ते आयकतीन."

"सांगितलं गं," मी म्हणाले. "ऐकतच नाहीत."

ती माझीच समजूत काढून गेली.

नव्या वसाहतीत सोमाजीला घर मिळालं, मैनाला त्याची पडवी. पुढे भावजयीशी पटेना, तेव्हा पडवीही सुटली. मग ती सेवाग्रामकडे कुठेशी झाडू-पोछ्याच्या कामाला लागली, असं कानावर आलं. मी शोधायला गेले नाही. जाऊन काय बोलणार होते?

गेल्या वर्षी गुडघे दाखवायला दवाखान्यात गेले, तर बाकावर तीच. म्हातारी झालेली. सरकून तिने मला जागा दिली, हात धरला, शेजारच्या बाईला म्हणाली, "ह्या बाई माह्यासाठी लय भांडल्या व्हत्या सायबासंग."

ती बाई माझ्याकडे कौतुकाने बघू लागली.

मी मान हलवली — हो म्हणून.