कातडं विकेपर्यंतची मुदत

इकेनच्या किल्ल्यात देदू दुभाष्याला स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं नाही. जेवताना उठायचा, उठला की येरझारा घालायचा, आणि दक्षिणेकडून नाव येताना दिसली की हातातला घास टाकून धक्क्यावर पळायचा. पायाला भिंगरी लागलीय म्हणून पहारेकरी त्याची थट्टा करत. भिंगरी कसली! वर्षातून एकदा त्या नावेतून त्याची आई यायची, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

बाप शिपाई. दक्षिणेच्या मुलखात चाकरीला असताना त्यानं तिथल्या कावित नावाच्या बाईशी संसार मांडला, आणि बदली झाली तेव्हा सात वर्षांच्या देदूला उचलून इकडे आणलं. बायकोला आणता आलं नाही. राजाचा हुकूम दगडात कोरलेला आहे: दक्षिणेच्या माणसानं इकेनला यावं ते व्यापारासाठी, सौदा झाला की भाकरी आणि जवाची दारू घ्यावी आणि त्याच दिवशी परत फिरावं. पोराला भेटायला आलेल्या आईचं काय करायचं, ते त्यात नाही. "आई पलीकडची आहे हे कळलं, तर दुभाष्या म्हणून तुला कोण उभं करील?" असं बाप मरताना बजावून गेला.

मग कावित व्यापारी झाली. तीस वर्षं ती कधी शहामृगाची पिसं, कधी एखादं कातडं घेऊन येई, आणि बाजाराच्या छपराखाली भाव ठरवण्याच्या मिषानं मायलेक घटकाभर बोलून घेत.

यंदा ती नावेतून चाचपडत उतरली. डोळ्यांवर दुधासारखा पडदा आला होता.

"लेका, आता नुसत्या सावल्या दिसतात," ती म्हणाली. "ही माझी शेवटची खेप बघ."

तिच्याकडे एकच वस्तू होती, बिबट्याचं कातडं. कातडं विकलं की आई गेली, कायमची. पण विकलंच नाही तर? सौदा होईपर्यंत तटाबाहेरच्या छपराखालून तिला कोण उठवणार?

कोठाराचा अंमलदार रेसी त्या कातड्यावर भाळला होता. त्यानं दोन थान कापड आणि मधाचं मडकं पुढं केलं. देदू आईकडे वळून तिच्या भाषेत बोलू लागला.

"आये, रात्री झोप लागली का?"

"डास मेले फोडून खातात. सुनेला कितवा महिना?"

"सातवा." आणि मग रेसीला, "चार थानं म्हणते."

"चार? बिबट्या तिनं स्वतः मारला की काय?"

"विचारतो. आये, तो तुझ्यावर चिडलाय."

कावित खुदकन हसली. रेसी पाय आपटत निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो तीन थानांवर आला, तेव्हा बाईनं सहा मागितली. देदूला घाम फुटत होता, पण आईशी एवढं बोलणं त्याच्या उभ्या जन्मात झालं नव्हतं. लहानपणी तो कोणत्या झाडावरून पडला, हेसुद्धा त्याला आता कळलं.

तिसऱ्या दिवशी म्हातारा इकू कारकून लेखणी कानावर ठेवून जवळ आला. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तो लिहून ठेवत असे.

"देदू, एवढ्याशा भावाला एवढं लांबलचक बोलणं? आणि भाव सांगताना बाई डोळे का पुसते?"

"बोलायची पद्धत आहे त्यांची, दादा."

"असेल. दुभाष्यानं खोटं सांगितलं तर त्याला कुठं धाडतात, ठाऊक आहे ना?"

"खाणीत."

"मग बरं. मी आपली आठवण करून दिली." इकू गेला, पण फार लांब गेला नाही.

"काय म्हणत होता तो म्हातारा?" आईनं विचारलं.

"काही नाही गं. हवापाणी."

"मला दिसत नाही, देदू. ऐकू येतं. तुझा आवाज कापत होता."

देदू उठला, दोन फेऱ्या मारून परत आला आणि बसला. मग खोटं पकडलं गेलं तर दुभाष्याला खाणीत धाडतात, हे त्यानं तिला सांगून टाकलं.

चौथ्या दिवशी रेसी वैतागूनच आला. इकू बाजूलाच उभा होता. देदूनं तोंड उघडायच्या आत रेसीनं दोन थानं तिच्या मांडीवर टाकली. कावितनं कापड बोटांनी चोळलं, हवेत चाचपडून रेसीचा हात शोधला आणि त्यावर टाळी दिली. टाळी पडली की सौदा पक्का, ती मोडत नाहीत. एवढ्यासाठी दुभाष्या लागत नाही.

"आये, काय केलंस हे!"

"तीस वर्षांत पहिल्यांदा आतबट्ट्याचा धंदा केला. मी गेले तरी तू इथं आहेस, एवढं मला पुरेल. खाणीत गेलास तर मी कुणाला आठवू?"

"काय म्हणते?" इकूनं विचारलं.

"म्हणते," देदू म्हणाला, "नुकसान झालं."

इकूनं कानावरची लेखणी काढली. "भाकऱ्या दोन जास्त दे तिला," एवढंच म्हणाला आणि लिहायला बसला.

नाव सुटली तसा देदू तटावर धावला. कावित नावेत उभी होती आणि हात हलवत होती, पण भलतीकडेच. पलीकडच्या बुरुजावर भाला घेऊन उभ्या असलेल्या पहारेकऱ्याची सावली तिला दिसली होती, आणि तोच आपला लेक असं तिनं धरलं होतं. पहारेकरी गोंधळून बघत होता. किल्ल्याखाली खडकांवर आदळणाऱ्या नदीच्या आवाजात हाक पोचणं शक्य नव्हतं. देदू ऊर फुटेस्तोवर तटावरून पळाला आणि त्याला बाजूला ढकलून त्याच्या जागी उभा राहिला.

"अरे, वेड लागलं का तुला?" पहारेकरी ओरडला. "ती मला हात करतेय!"

"तुला नाही," देदू दोन्ही हात उंच हलवत सगळ्या तटाला ऐकू जाईल असं म्हणाला. "माझी आई आहे ती."