आम्ही त्याला औषध म्हणतो

म्हादू भोई गेल्याचा फोन आला तेव्हा मी द्राक्षबागेत औषध मारत होतो. त्याच्या छातीत कळ आली आणि सांगलीच्या दवाखान्यात पोचायच्या आतच सगळं संपलं. टाकीत कालवलेलं औषध वाया जाऊ नये म्हणून मी उरलेल्या दोन ओळी मारल्या आणि मगच निघालो. महिना झाला, अजून त्याची लाज वाटते.

आम्ही एका वर्गातले. तो कृष्णेत जाळं टाकायचा, मी नदीकाठी बाग लावली. आमच्याकडं कीटकनाशकाला विष कुणी म्हणत नाही. दुकानदार, मजूर, बायकापोरं, सगळे औषधच म्हणतात. म्हादूला त्या शब्दाचा भारी राग. "आरं, औषधानं जीव वाचत्यात. ह्याला इख म्हन की गड्या!" मी हसण्यावारी न्यायचो.

दोन वर्षांपूर्वी मी फवारणीची टाकी ओढ्यात धुतली आणि तळाशी उरलेलं सगळं पाण्यात सोडून दिलं. दुपारपर्यंत ओढा नदीला मिळतो त्या डोहात मासे वर आले. मरळ, शेंगाळे, बोटाएवढी पिल्लं... काही जागच्या जागी गरगर फिरत होती, बाकीची पोट वर करून तरंगत होती. म्हादू गुडघाभर पाण्यात नुसता उभा होता.

ग्रामसभेत त्यानं विषय काढला. मीच सगळ्यांत आधी बोललो, "कारखान्याची मळी सुटली असंल." माना डोलल्या. डोलणारच, टाक्या सगळ्यांच्याच त्या ओढ्यात धुतल्या जायच्या. म्हादू म्हणाला, "मळीनं पानी काळं पडतं, घान मारतं. ह्ये पानी निवळ हाय." मागून कुणीतरी ओरडलं, "तू काय शास्त्रज्ञ हाईस व्हय रं?" हशा पिकला... मीही हसलो. पुढं डोहात काही उरलंच नाही, आणि नदीकाठचा हा भोई बाजारातून बर्फातले मासे आणून गावात विकू लागला.

दहाव्याला कावळा शिवेना. भाऊ म्हणाला, पोरीचं लगीन मी करतो. बायको शालन म्हणाली, सासूला अंतर देणार नाही. तरी शिवेना. माझ्या जिभेवर आलं होतं, पण चारचौघांत गिळून टाकलं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

परवा मात्र राहवेना. त्याच्या घरी गेलो. सोप्यात खुंटीला त्याचं जाळं टांगलेलं, खडखडीत वाळलेलं. मी शालनवहिनींना सगळं सांगून टाकलं.

"त्यास्नी ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "टाकी धुताना बगितलं हुतं तुमास्नी."

"मग सभेत माझं नाव का न्हाई घेतलं?"

"त्ये म्हनायचं, त्याचं नाव घेतलं तर त्यो आपल्या घरला यायचा बंद हुईल."

मी उठलो. पायात चपला सरकवत होतो तेव्हा वहिनी जाळ्याकडं बघत म्हणाल्या, "आता त्ये न्हाईत. आता येऊ नगा, भावजी."