पान उलटण्याआधी

एरंडोलच्या बाजारात निंबा शिंप्याचं दुकान होतं. संध्याकाळी मशीनवर फडकं पडलं की बाकड्यावर लोटन आबा काठी टेकवून बसायचे आणि वाचन सुरू व्हायचं. आबांची नजर गेलेली, निंबाला वाचायचा नाद. जोडी जमली ती एका पॉकेटबुकांच्या मालिकेवर. अणुयुद्धात जग जळून खाक झालंय आणि कॅप्टन भास्कर पत्रे ठोकलेली जीप घेऊन चांगल्या पाण्याची विहीर शोधत हिंडतोय. वाटेत लुटारू, धडाधड गोळ्या, जीप दरीच्या काठावर! आबा बाकड्याची कड घट्ट धरायचे.

नियम आबांचाच. "तू डोया, मी कान. पुढे जानं ते दोन्ही संगेच."

एक्क्याण्णवच्या थंडीत मालिकेतलं शेवटचं पुस्तक आलं. अस्तराचं कापड आणायला जळगावला गेलेल्या निंबाला ते स्टँडवर मिळालं. एसटीत बसल्यावर त्याने नुसतं मुखपृष्ठ पाहिलं. मग म्हटलं, पहिलं पान. पाळधीजवळ गाडी पंक्चर झाली आणि तेवढं निमित्त पुरलं. एरंडोल आलं तेव्हा पुस्तक संपलेलं होतं. कॅप्टनला विहीर सापडते, पण ओंजळ भरण्याआधीच तो काठावर कोसळतो. निंबाचे डोळे भरले, आणि पाठोपाठ आबांचा नियम आठवला. आबांसमोर आता बसायचं कसं?

तो बसला. नव्हे, उभाच राहिला. कधी नव्हे तो हातवारे करून वाचू लागला. कठीण शब्दांवर एरवी ठेचाळणारा निंबा आज घडाघडा धावत होता. लुटारूंनी जीप घेरली, आणि निंबा ओरडला, "अरे बापरे! मागूनबी येई ऱ्हायनात!"

मग त्याने पान उलटलं.

कागदाची सळसळ आबांनी ऐकली. आश्चर्य आधी आलं होतं, पान नंतर. अशी चूक रंगमंचावर झाली तर मागच्या रांगेलाही कळते, आणि आबा तर पहिल्या रांगेतले.

"निंबा, तू वाची लिधं ना रे?"

खोटं बोलावं तर समोर डोळे नव्हते, नुसते कान होते. "हाव आबा," तो पुटपुटला. "गाडीमा."

आबा रागावले नाहीत, तेच वाईट झालं. काठी चाचपडत उठले आणि निघून गेले. निंबा रोज त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायचा. आज तो जागचा हललाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता तो आबांच्या ओट्याशी जाऊन उभा राहिला. आत जायची लाज वाटत होती.

"बस," आबा आतून म्हणाले. चपलेचा आवाज त्यांनी ओळखला होता. "पुस्तक लयना का?"

"लयनू."

"मांडीखाले ठेव. आते शेवट मी सांगस, तू ऐक."

आणि आबांनी कॅप्टनला लुटारूंच्या घेऱ्यातून असं काही बाहेर काढलं की निंबा मांडीखालचं पुस्तक विसरला. जीप कोरड्या ओढ्यात उतरली, लुटारूंचा सरदारच तहानेने जमिनीवर लोळू लागला, कॅप्टनने शेवटची पखाल हातात घेतली...

"मंग? मंग काय व्हयनं, आबा?"

आबा थांबले. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, सावकाश खाली ठेवला.

"आज इतलंच. बाकीनं सकाय."