खुर्ची आहे ना?

भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्यातला एक मी रोज दाढी करताना आरशात पाहतो. पण सातासमुद्रापलीकडच्या, कधी न भेटलेल्या एका इंग्रजाची नोकरी जाईल या धास्तीने परळच्या चाळीत बसून ज्याच्या पँटचा पट्टा सैल झाला, असा माणूस मुंबईत एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे.

मामांच्या भीतीला वयाची, ऋतूची किंवा कारणाची अट नाही. गॅसचं बटण बंद केल्यावर ते खरंच बंद झालं का हे ते हात लावून, वास घेऊन आणि शेवटी मामींना विचारून तीन वेगवेगळ्या मार्गांनी सिद्ध करतात. लिफ्टमध्ये ते पाऊल ठेवत नाहीत. एकदा एका नातेवाइकाच्या बारशाला बाराव्या मजल्यापर्यंत जिन्याने चढले आणि वर पोचेपर्यंत पेढे संपले होते. त्यांच्या चाळीसमोर, पूर्वी जिथे गिरणी होती तिथे, काचेचा एक टॉवर उभा राहिला आहे. चाळीची अवस्था बघून मी काळजी व्यक्त केली, तर मामा म्हणाले, "चाळ पडली तर खाली पडेल, जावईबापू. तो पडला तर आमच्यावर पडेल." लग्नाच्या हॉलमध्ये ते नेहमी दाराजवळच्या खुर्चीवर बसतात. आग लागली, चेंगराचेंगरी झाली किंवा कुणी भाषणाचा आग्रह केला, तर निसटता यावं म्हणून. बँकेतही त्यांचं टेबल दाराला लागून होतं. गिरगावातल्या त्या शाखेत ते कारकून म्हणून चिकटले आणि कारकून म्हणूनच सुटले. अधूनमधून बढती यायची. बढती म्हणजे अधिकारी होणं, अधिकारी होणं म्हणजे बदली आणि बदली म्हणजे मामांच्या मते मृत्यूचंच सभ्य नाव. बढतीचा कागद आला की त्यांचा गुडघा सुजायचा. डॉक्टरला तो दिसायचा नाही, पण मामांना चालता यायचं नाही. नकार लेखी कळवला की ते संध्याकाळी गिरगावातून परळपर्यंत चालत जायचे.

गुडघ्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो, मामा तरुणपणी बँकेच्या संघातून फुटबॉल खेळायचे. अर्थातच बचाव फळीत. पुढे जाऊन गोल करणं हे त्यांना बढती घेण्यासारखं वाटत असावं. चाळीत केबल आली तेव्हा त्यांना टीव्हीवर तो इंग्रज दिसला, तोही बचावपटू, आणि मामांच्या आयुष्यातलं एकमेव प्रेमप्रकरण सुरू झालं. देखणा नव्हता, वेगवान नव्हता, केसही बेताचे. पण मामांनी त्याच्यात एक गोष्ट हेरली. तो सारखा मान वळवून मागे बघायचा. चेंडू पलीकडच्या टोकाला असला तरी हा आपला मागे बघतोय, कुणी निसटलं का, कुठे भगदाड पडलंय का. "मैदानात बाकी सगळे पराक्रमी," मामा मला एकदा म्हणाले, "घाबरणारा हा एकटा. म्हणून घर उभं आहे." त्याचं नाव मामांना उच्चारता येत नसे, म्हणून घरात त्याला 'आपला माणूस' म्हणत. मामी त्याला 'तुमचो इंग्लंडचो भाचो' म्हणत, आणि हा भाचा सख्ख्या भाच्यांपेक्षा कमी त्रास देतो असं जाता जाता आमच्याकडे बघून सांगत.

आपला माणूस एकाच क्लबात वाढला, एकाच क्लबातून खेळला, आणि एके दिवशी दोन्ही पाय शाबूत असताना निवृत्त झाला. मामांनी चाळीत साखर वाटली. त्यांना खरंच हलकं वाटलं होतं. "सुटला," ते म्हणाले, "आता कुठे समुद्राकाठी बंगला बांधून राहील." ते समाधान फार टिकलं नाही. बातमी मीच वाचून दाखवली होती: त्याच क्लबाने आपल्या माणसाला मॅनेजर नेमलं होतं. फुटबॉलमधला मॅनेजर म्हणजे संघ निवडणारा, डावपेच आखणारा आणि संघ हरला की पहिला बळी जाणारा माणूस. मामांच्या हातातला चहा बशीत सांडला. मग कोरड्या आवाजात म्हणाले, "प्रमोशन घेतलंन. कुणी सांगितलं नाही का त्याला? खेळणारा निवृत्त होतो, जावईबापू. मॅनेजरला काढतात."

त्या दिवसापासून मामांनी सामना बघणं सोडलं. म्हणजे टीव्ही चालू असायचा, शेजारचे दोघेतिघे येऊन बसायचे, मामी भाजी निवडत बसायच्या आणि मामा बाहेर सामायिक गॅलरीत, कठडा धरून, टीव्हीकडे पाठ करून उभे. आत काय चाललंय ते त्यांना मामींच्या हातातल्या शेंगांवरून कळायचं. शेंगा कटाकट मोडत असल्या तर ठीक. आवाज थांबला की त्यांची मान खांद्यात जायची. सामना संपला की मला गिरगावात फोन. किती गोल झाले, कोण जिंकलं, यातलं काही ते विचारत नसत. एकच प्रश्न असायचा.

"खुर्ची आहे ना?"

"आहे, मामा."

फोन बंद. मी प्रथम हसायचो. मोठ्या पदांवरच्या माणसांबद्दल मला मुळात फारशी हळहळ वाटत नाही. पदं त्यांच्याशिवायही चालतात आणि बहुधा बरी चालतात. पण संघ हरायला लागला, एक सामना, दुसरा, मग सलग, आणि मामांच्या आवाजातली ती कोरड फोनमधून माझ्यापर्यंत यायला लागली. तिकडे एक नियम आहे: हंगामाच्या शेवटी तळाचे तीन संघ खालच्या वर्गात ढकलतात. आपल्या माणसाचा संघ त्या काठावर येऊन उभा राहिला. त्यातच क्लबाच्या मालकांनी जाहीर केलं की मॅनेजरवर आमचा पूर्ण विश्वास आहे. मला वाटलं मामांना धीर येईल. ते कठड्याला धरून खालीच बसले. "संपलं," म्हणाले. "साहेबाने खांद्यावर हात ठेवला की समजावं. आमच्याकडे ज्याच्या ज्याच्या खांद्यावर ठेवला तो चंद्रपूरला गेला."

त्यांचं जेवण तुटलं. मामींनी डॉक्टरला दाखवलं, तर डॉक्टरने काही ताण आहे का विचारलं. इंग्लंडमधल्या माणसाच्या नोकरीचा ताण आहे हे सांगायची मामींना लाज वाटली, म्हणून त्यांनी पित्त सांगितलं. शेवटी मामींनीच तोडगा काढला. मालवणी घरात डॉक्टर आणि वकील थकले की गाऱ्हाणं घालतात. गावच्या देवापुढे नारळ ठेवायचा, एकाने साकडं मोठ्याने म्हणायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय महाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. शेवटच्या सामन्याच्या दिवशी सकाळी ते ठरलं. मीही गेलो होतो. चाळीतली आठदहा मंडळी पाण्याची वेळ सांभाळून आली होती. मामांनी नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा महाराजा, आज ह्यो नारळ तुझ्या पुढ्यात ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे."

"व्हय महाराजा."

"सायबाच्या देशात जो आपलो माणूस संकटात सापडलेलो आसा, त्येच्यामागे जी काय ईडापीडा लागली असात ती दूर कर."

"व्हय महाराजा."

"त्येच्या संघाक बुडवू नको. आणि त्येका त्या खुर्चीतसून सुखरूप सोडव."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले आणि नळ यायच्या आत पांगले. शेवटचं वाक्य कुणी ऐकलंच नव्हतं. गाऱ्हाण्यात ऐकायचं देवाने असतं. मामी तेवढ्या थबकल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि नारळ फोडायला आत गेल्या.

संध्याकाळचा तो सामना मी मामांच्या शेजारी, गॅलरीत, पाठ करून काढला. मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही. पण आतल्या शेंगा थांबल्या तेव्हा माझेही हात गार पडले, हे नमूद केलं पाहिजे. समोरच्या टॉवरच्या काचांमध्ये आमच्या खोलीतला टीव्ही इवलासा, निळसर हलताना दिसत होता. मामांनी तोही दिसू नये म्हणून डोळे मिटून घेतले होते. शेवटी आतून आरोळी उठली. सामना बरोबरीत सुटला होता, आणि बरोबरी पुरेशी होती. संघ वाचला. शेजाऱ्यांनी मामांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, पण उंचीची भीती असल्यामुळे ते कठडा सोडेनात.

दोनच दिवसांनी क्लबाने आपल्या माणसाचे मनापासून आभार मानले आणि त्याला काढून टाकलं.

मी घाबरत घाबरतच परळला गेलो. जिन्यातच एका शेजाऱ्याने, आम्ही नुसतं 'व्हय' म्हटलं होतं हो, अशी बाजू मांडली. मामा टीव्हीसमोर बसले होते. समोर, तोंड करून. त्यांना तसं बसलेलं मी किती तरी दिवसांनी पाहत होतो. पडद्यावर आपला माणूस मैदानाच्या फाटकातून बाहेर पडत होता. फाटक मागे बंद झालं, तरी त्याने सवयीने मान वळवून मागे बघितलं. तेच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवत होते. चेहऱ्यावर काय होतं ते सांगायला फुटबॉल कळावा लागत नाही.

"मी मागितलं तेच मिळालं," मामा म्हणाले. "मला वाटलं, सुटला म्हणून हसेल."

मी म्हटलं, मामा, तिकडच्या मालकांना तुमचा नारळ ठाऊक नाही. पण ते माझं ऐकत नव्हते. "एका वर्षी माझा गुडघा सुजला," ते म्हणाले, "म्हणून ती जागा माझ्या शेजारच्या टेबलावरच्याला मिळाली. त्याला जमलं नाही. वर्षाच्या आत त्या जागेवरून उचलला. मी म्हटलं, बघा, मी वाचलो. पण तो बदलीवर निघाला होता ना, तेव्हा अख्खी शाखा त्याला दारापर्यंत सोडायला आली होती, जावईबापू. शिपायाच्या डोळ्यांत पाणी." त्यांनी दाराकडे पाहिलं. "मला दारापर्यंत सोडायची वेळच कुणावर आली नाही. मी दारापाशीच बसायचो."

मामींनी टीव्ही बंद केला आणि त्यांच्यापुढे खोबऱ्याच्या वड्यांची ताटली ठेवली. गाऱ्हाण्याच्या नारळाच्या होत्या. मामांनी एक उचलली आणि नुसती हातात धरून ठेवली.

पुढे बरेच महिने फोन आला नाही. शनिवारची संध्याकाळ मला उगीच मोठी वाटायची. मग एकदा आला. आपल्या माणसाने कुठल्याशा लहान, गारठलेल्या गावातल्या क्लबात पुन्हा मॅनेजरची जागा धरली होती. खालचा वर्ग, फुटकं मैदान. "परत घेतलंन, जावईबापू," मामा म्हणाले. आवाजात तीच जुनी कोरड होती, आणि ती ऐकून मला बरं वाटलं. आता ते गॅलरीत न जाता उंबऱ्यावर उभे राहतात, एक डोळा आत, एक बाहेर, असं मामी सांगतात. मी विचारलं, या खेपेला नारळ ठेवला का? ठेवला, म्हणाले.

"मग मागितलं काय?"

"मागितलं काही नाही," मामा म्हणाले. "मागायची भीती वाटते. नुसतं देवाच्या कानावर घातलं, आपलो माणूस आता थंय आसा म्हणून."

मी गिरगावात, माझ्या खोलीत, एकटा होतो. तरी तोंडातून निघून गेलं, "व्हय महाराजा."