पंधराव्या वर्षाची मोजणी

आमचा अनंत म्हणजे तपासणी खात्यातला एक नंबरचा चिकट माणूस. चाकणच्या कंपनीत आम्ही एकतीस वर्षं बरोबर काढली. रिपोर्टात चूक झाली तर गिरगटायचं नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. नियम कंपनीचा, पण हा पठ्ठ्या तो किराणाच्या यादीतसुद्धा पाळायचा. त्यावरून मी त्याची पुष्कळ टर उडवली आहे.

सप्टेंबरात त्याची बायको गेली. पद्मजावहिनी मोशीच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. अनंत रडला नाही. दहाव्याला त्यानं मला विचारलं, "गाडी नीट लावलीस ना?" तेव्हापासून चेहरा तसाच. मला त्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू?

जानेवारीत म्हणाला, "नवनाथ, रविवारी बेटावर येतोस?"

चाकणच्या पुढं धरणाच्या फुगवट्यात, होडीनं पाऊण तास आत, एक ओसाड बेट आहे. तिथले हिवाळी पक्षी अनंत आणि वहिनी दरवर्षी मोजायचे. चौदा वर्षं खंड नाही. पंधरावं चुकू द्यायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

होडीवाल्या कोंडीरामनं विचारलं, "ताई न्हाई आल्या व्हय?"

"या वर्षी नाही," अनंत म्हणाला. मी पाण्याकडं बघत बसलो.

बेटावर पोचल्यावर तो सवयीनं पाण्याकडं पाठ करून खडकावर बसला. वही उघडली, पानाच्या माथ्यावर एक ओळ लिहिली आणि पेन धरून थांबला. बराच वेळ. शेवटी मी म्हटलं, "राव, पक्षी मागं आहेत."

मग वही माझ्याकडं देऊन त्यानं दुर्बीण डोळ्यांना लावली. दलदलीत शेकडो पक्षी होते.

"नवनाथ, यातला एकही मला ओळखता येत नाही."

चौदा वर्षं वहिनी बघायच्या, नाव आणि आकडा सांगायच्या आणि हा मान खाली घालून लिहायचा. तुतवार, चक्रवाक, सुरय, नावं सगळी पाठ. पक्षी कधी बघितलेच नव्हते.

"मागच्या वर्षीचे आकडे टाकू की. कोण तपासणार आहे?" मी म्हटलं. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी पेन उघडलं.

दुपारपर्यंत तो सांगत राहिला, मी लिहीत राहिलो. पांढरा, काळे पाय, एकवीस. नारिंगी, बदकाएवढा, जोडीजोडीनं, सहा. माथ्यावरची ओळ मी केव्हाच वाचली होती. "निरीक्षण: पद्मजा. लेखन: अनंत." मी त्याखालीच आकडे मांडत गेलो.

निघताना त्यानं वही मागून घेतली आणि वरपासून तपासायला लागला. पहिल्याच ओळीवर बोट थांबलं.

"राहू दे रे," मी म्हटलं.

"चूक आहे," तो म्हणाला. पद्मजा या नावावर त्यानं एकच रेघ मारली. शेजारी सही केली. मग विचारलं, "आज तारीख काय?"

मी सांगितली. ती त्यानं सहीशेजारी लिहिली.

होडी निम्म्यावर आल्यावर तो म्हणाला, "कोंडीराम, सकाळी मी चुकीचं सांगितलं. ती सप्टेंबरात गेली."

कोंडीरामनं वल्हं थांबवलं. अनंतनं वही मिटून छातीशी धरली आणि दुर्बिणीशिवाय पहिल्यांदाच मान वर करून पाण्याकडं बघितलं.