कांतामावशी गाडी बघते

कांतामावशीनं पहिल्याच भेटीत माझ्या क्रांतीकडून लगेजचे पैसे मागितले. जालना-अंबड गाडीत मी पत्रकांचे दोन गठ्ठे शेजारच्या सीटवर ठेवून ऐटीत बसले होते. समोर खाकी साडीतली, कमरेला ओचा खोचलेली कंडक्टर उभी राहिली आणि गठ्ठ्यांकडे बोट करून म्हणाली, "तुमचं तिकीट झालं. यांचं?" मी सांगितलं की हे विकायचं नाही, लोकांच्या हक्कांसाठी आहे, फुकट वाटायचं आहे. ती म्हणाली, "वाटा की. कोण न्हाई म्हणतंय? पण हक्क सीटवर बसलाय अन् म्हातारी उभी हाय." गठ्ठे माझ्या मांडीवर आले, म्हातारी सीटवर बसली. मग त्यातलं एक पत्रक मावशीनं मागून घेतलं आणि दांड्याला पाठ टेकवून उभ्या उभ्या वाचलं. उतरताना परत देत म्हणाली, "खरं लिहिलंय. पण लई लांब लिहिलंय. अंबड आलं तरी संपंना."

माझ्या वडिलांचा छोटा छापखाना होता. आमच्या घरी गोष्टीच्या पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. 'बंधू आणि भगिनींनो' हे शब्द मी आईच्या हाकेइतके लवकर शिकले. त्यामुळे एका वाक्यात माझा अभिमान उतरवणारी ही बाई आमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून राहते हे कळल्यावर मी तिच्याशी भांडायलाच गेले होते. तिनं चहा केला. भांडण राहिलं आणि जाणंयेणं सुरू झालं.

मावशीची एक सवय मला फार उशिरा लक्षात आली. ड्युटीवर ती पाणी प्यायची नाही. बाटली असायची, पण ती रडणाऱ्या पोरांना नाहीतर ओकारी आलेल्यांना द्यायची. एकदा भर मे महिन्यात मी विचारलं तर म्हणाली, "प्यायचं अन् मंग जायचं कुठं? ड्रायव्हर उतरतो, बाभळीआड जातो, मोकळा होतो. मी काय करू, तिकिटं मोजू?" मी हसले. विशेष म्हणजे प्रवासात मीही पाणी पीत नव्हते. समान वेतनावर लिहिलं, जमिनीत बायकांचं नाव लागावं म्हणून लिहिलं, पण हे लिहावं असं मला कधी सुचलं नाही. ही गोष्ट मोठ्या अक्षरात छापण्याइतकी मोठी वाटलीच नाही.

निवृत्त झाली त्या आठवड्यात मावशीनं जाहीर केलं की आता छोटी गाडी घ्यायची, आत झोपायची सोय असलेली, आणि मनाला येईल तिथं थांबत फिरायचं. तिचा नवरा, साहेबरावकाका, बदनापूरकडच्या एका फार्मवर जन्मभर ट्रॅक्टर चालवलेला माणूस. अजूनही कोणतंही वाहन तो ढेकळातून चालल्यासारखं चालवतो. मावशीला चालवता येत नाही. इतकी वर्षं गाडीत काढली, पण कायम स्टिअरिंगकडे पाठ करून. म्हणजे मावशीची सहल काकांच्या हातात होती, आणि काका खूश होते. "मी ड्रायव्हर, तू कंडक्टर," ते गल्लीत सांगत सुटले.

तयार गाडी बघायला आम्ही तिघं संभाजीनगरला गेलो. विक्रेता तरुण होता, टाय लावलेला. त्यानं टीव्ही दाखवला, सोफ्याचा पलंग होतो ते दाखवलं, रंग बदलणारे दिवे दाखवले. मावशीनं विचारलं, "संडास कुठंय?" त्यानं ओट्याखालून प्लॅस्टिकचा एक डबा ओढून काढला आणि म्हणाला, लागेल तेव्हा पडदा लावायचा, आजी. मावशीनं डब्याकडे पाहिलं, मग स्वतःकडे पाहिलं. "ह्याच्यावर बसायचं, का ह्याला डोक्यावर घेऊन बसायचं?" शिवाय गाडी इतकी लांब की आमच्या गल्लीत शिरली असती तर कायमची गल्लीतच राहिली असती.

मग हमीदभाई. जालन्यात ते शाळेच्या नि दुधाच्या गाड्यांच्या बॉड्या बांधतात. गल्लीत वळेल एवढी एक जुनी व्हॅन त्यांनी हेरून ठेवली होती. त्यांची पद्धत अशी की गाडी आतून कशी होणार ते कागदावर काढायचंच नाही. वर्कशॉपच्या फरशीवर खडूनं खऱ्या मापाचा चौकोन आखायचा आणि गिऱ्हाइकाला त्यात उभं करायचं. "कागदपे सब बैठता है दीदी, गाडीमें नहीं बैठता," ते म्हणाले. चौकोनात पलंग आला, कपाट आलं. मावशीनं छत किती उंच ते हात वर करून ठरवलं, कारण वाकून उभं राहायची तिची मुळीच तयारी नव्हती. मग तिनं दाराजवळचा एक कोपरा दाखवला. "इथं संडास. पक्का. आतून कडी."

साहेबरावकाका खडूच्या रेघेबाहेर गेले. एवढ्याशा चौकोनात ओटा त्या कोपऱ्याला चिकटून येत होता आणि ओट्याच्या वर देवाची फळी. काका म्हणाले, "चुलीला लागून संडास? अन् वर देव? मी असली गाडी चालवणार न्हाई. बिलकुल न्हाई." हमीदभाईंनी खडू खिशात टाकला आणि चहा मागवला. मावशी चौकोनातून बाहेर आली. चालवणारा न्हाई म्हणला की गाडी हलत न्हाई, हे कंडक्टरला कुणी सांगायला नको.

आठवडा गेला. दोघं एकाच घरात, पण निरोप माझ्यामार्फत. मी संतापून काकांना पत्र लिहिलं: स्त्रीदेह, विटाळाचं राजकारण, पुरुषी ओटा. मावशीनं पहिलं पान वाचून घडी घातली. "त्यो वाईट माणूस न्हाई ग. त्याला कधी लागलंच न्हाई म्हणून कळंना. उद्या जाफराबादच्या गाडीला येशील का आमच्यासंग?"

काकांना सांगितलं होतं की जाफराबादला जुन्या मैत्रिणीकडे जायचंय. सकाळी निघताना मावशीनं त्यांना दोन तांबे ताक पाजलं, ऊन लागतं म्हणून. भेटून लगेच उलट पावली फिरायचं ठरलं. राजूर गेलं, काका पाय हलवायला लागले. टेंभुर्णीच्या अलीकडे एका फाट्यावर गाडी थांबली. पुरुष भराभर उतरले आणि बाभळींकडे पांगले. काका उठले. मावशीनं त्यांचा सदरा धरला.

"बसा."

"अगं, आलोच की."

"बायका उतरल्या का?"

काकांनी गाडीभर पाहिलं. एकही बाई जागची हलली नव्हती. सगळ्या खिडकीबाहेर बघत होत्या, पण बाभळींच्या उलट्या बाजूला. मागच्या सीटवर एक पोटुशी पोरगी ओठ दाबून बसली होती.

"आज तुमी माझी ड्युटी करायलात," मावशी म्हणाली. "बायका जिथं उतरतील तिथंच उतरायचं. बरोबर का न्हाई, सांगा."

काका बसले. गाडी सुटली. रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्यांच्या चेहऱ्यावर उमटत होता. मला हसू आवरेना आणि मावशीनं मला कोपरानं ढोसलं. जाफराबादला उतरल्यावर काका ज्या वेगानं गेले तो वेग त्यांच्या ट्रॅक्टरनं कधी पाहिला नसेल. परतून आले ते हळू, रुमालानं तोंड पुसत. विचारलं, "रोज असं?" मावशी म्हणाली, "रोज." मैत्रिणीकडे जायची आठवण कुणीच काढली नाही.  परतीच्या वाटेत त्या फाट्यावर गाडी पुन्हा थांबली तेव्हा काकांनी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच हमीदभाईंकडे गेले आणि चपलेनं खडूचा ओटा पुसून टाकला. गॅस मागच्या दाराला बसवायचा, दार उघडून खाली उभं राहून चहा करायचा आणि तो चहा काका स्वतः करणार, असं ठरवून आले. आम्हाला हे हमीदभाईंकडून कळलं. मावशीनं भाकरीसुद्धा रद्द केली. "जन्मभर थापल्या. भाकरी रस्त्यानं कुठंबी भेटती." देव ड्रायव्हरच्या समोर गेले.

तुळशीचं लग्न झालं आणि दोघं निघाले. कुठं, ते ठरलेलं नव्हतं. मला अंबडला काम होतं म्हणून तिथपर्यंत मीही बसले. एवढा वेळ लागणारा अंबडचा प्रवास मी आजवर केला नव्हता. निम्म्या वाटेवर एक वऱ्हाडाचा टेम्पो टायर बसल्यानं कडेला उभा होता. पुरुष पांगलेले. नव्या साड्या नेसलेल्या दहाबारा बायका टेम्पोच्या सावलीत उभ्या, सगळ्या उन्हाकडे पाठ करून.

मावशी म्हणाली, "थांबवा." पण काकांनी तोवर गाडी कडेला घेतलीच होती.

ती उतरून त्या बायकांपाशी गेली आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाली. आधी कुणी हललं नाही. मग नवरीची आत्या पदर सावरत आली, आत गेली, आतून कडी लागल्याचा आवाज झाला. ती बाहेर आली आणि मागं वळून नुसती मान हलवली. बाकीच्या निघाल्या.

काका कुणाला न विचारता डिक्कीतला कॅन घेऊन पलीकडच्या शेतातल्या बोअरवर गेले. गाडीतली पाण्याची टाकी एवढ्यांना पुरली नसती. भरलेला कॅन आणून त्यांनी टाकीत रिकामा केला आणि बायकांकडे न बघता पुन्हा बोअरकडे वळले. दोघातिघी मावशीला विचारत होत्या, कितीला पडली, आमच्यात होईल का असली. ती दाराशी उभी राहून एकीला उतरवत होती, दुसरीला चढवत होती.

अंबड अजून बरंच लांब होतं. मी उतरले आणि रांगेत उभी राहिले. माझा नंबर सहावा होता.