वास घेतलेली फांदी

माझे सासरे आमच्याकडे पहिल्यांदा राहायला आले ते डिसेंबरात, आणि हा महिना निवडणारा शहाणा मीच. मुलीला शाळेला सुट्टी, माझ्या ऑफिसात काम कमी, असा सगळ्यांचा विचार मी केला होता. ज्यांना बोलवायचं त्यांचा तेवढा राहून गेला.

सासूबाईंना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. साताऱ्याच्या घरात आप्पा एकटे. निदान थंडीचे तीन महिने तरी त्यांनी आपल्याजवळ असावं, असं बायकोचं म्हणणं. व्हिसा नव्वद दिवसांचा मिळाला आणि आप्पा आले, बॅगेत कपडे कमी आणि देव जास्त घेऊन. पुस्तकांच्या कपाटातला एक कप्पा रिकामा करून आम्ही देवांची सोय केली. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, कानटोपी घालून आप्पा खाली आले आणि म्हणाले, "फुलं कुठे मिळतील?"

साताऱ्याला चाळीस वर्षं हीच वाटणी होती. पूजा सासूबाई करायच्या, फुलं आप्पा आणायचे. पहाटे पिशवी आणि आकडी घेऊन निघायचं आणि कॉलनीभर फिरून यायचं. कुंपणाबाहेर आलेलं फूल सगळ्यांचं, हा त्यांचा सिद्धांत. झाडावर तीन तरी ठेवायची, हा नियम.

"आप्पा, तुम्ही फुलांच्या देशात आलायत," मी म्हणालो, जणू सगळे वाफे मीच लावलेत. नीउ-व्हेनेप या डच गावातल्या आमच्या घरापासून ट्युलिपची शेतं गाडीने पंधरा मिनिटांवर. डिसेंबरात तिथे चिखल असतो. मग सुपरमार्केटमधून एक जुडी आणली. आप्पांनी ट्युलिपच्या माना खुडल्या, देठ कचऱ्यात टाकले आणि पूजा केली. आमचा बाळकृष्ण दोन इंचांचा, ट्युलिप तीन.

"आप्पा, देव दिसत नाहीत," बायको म्हणाली.

"आत आहेत. थंडी आहे."

पुढे मी शुक्रवारच्या बाजारातून शेवंती आणली, गुलाब आणले. आप्पा सगळं नीट वाहायचे, पण हळूहळू बोलणं कमी झालं. रेडिएटरशेजारच्या खुर्चीत बसायचे ते साडेचारला अंधार पडेपर्यंत. मी एकदा विचारलं, फुलं बरी नाहीत का? "चांगली आहेत की. पण ती तुम्ही आणता. मग मी काय करायचं?"

जानेवारीत एका सकाळी म्हणाले, "जावईबापू, माझं तिकीट जरा अलीकडे घेता येईल का? बघा ना लॅपटॉपवर."

बायकोला सांगितलं तेव्हा ती आमटी ढवळत होती. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "तिथे जाऊन काय करणार आहेत? सकाळी दार उघडायचं, संध्याकाळी बंद करायचं. आईशिवाय त्या घरात दुसरं काय आहे?" थोड्या वेळाने म्हणाली, "तू काहीतरी कर."

"मी काय करू?"

"फुलांचा देश म्हणणारा तूच ना?"

तिकिटाचं शनिवारी बघतो, असं मी आप्पांना सांगितलं. अवघड काम शनिवारवर ढकलायचं, या एका विषयात मी पारंगत आहे.

गुरुवारी सकाळी मुलीचा शाळेतून मेसेज आला. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र कधी इंग्रजीत, कधी डचमध्ये. मेसेज असा: "आजोबा इज स्टीलिंग फ्लॉवर्स. अगेन." त्यातल्या शेवटच्या शब्दाने मला धडकी भरली.

खाली आलो तर घरभर वास. देवांवर फिकट गुलाबी फुलांचे छोटे झुबके, अगदी त्यांच्या मापाचे.

"कुठून आणलीत?"

"समोरून. त्या बाईंचं झुडूप आहे ना, पान एक नाही, नुसत्या काटक्या आणि फुलं. अर्धं फुटपाथवर आलंय."

मी या गल्लीत अकरा वर्षं राहतोय. ते झुडूप फुलतं हे मला माहीत नव्हतं.

"विचारलंत त्यांना?"

"अहो, आठला इथे अंधार असतो. कोणाला विचारणार?"

"किती दिवस चाललंय?"

"आज चौथा. तीन-तीन ठेवलीत फांदीवर," आप्पा म्हणाले, म्हणजे जणू पावतीच.

समोरच्या बाई सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. मी चुकीच्या डब्यात कागद टाकला होता तेव्हा घरी येऊन सांगून गेल्या होत्या, आणि बरोबर त्यांचंच होतं. मी माफीची दोन डच वाक्यं पाठ केली आणि चकल्यांचा डबा घेतला. निघालो तर आप्पा कानटोपी घालून दारात. "चूक माझी. तुम्ही एकटे कशाला?"

बाईंनी दार उघडलं. माझं डच वाक्य त्यांनी पूर्ण होऊ दिलं, हे फार थोडी माणसं करतात. मग इंग्रजीत म्हणाल्या, "मी चार दिवस खिडकीतून बघतेय. आज येऊन विचारणारच होते. काय करतात ते या फुलांचं?"

"देवाला वाहतात."

"रोज?"

"रोज."

"मग देठ का घेत नाहीत? नुसती फुलं ओरबाडली की फांदी खराब होते."

आप्पांनी विचारलं, काय म्हणतायत? मी सांगितलं. "त्यांना सांगा, देवाला देठ लागत नाही."

ते मी सांगितलं नाही. बाई आत जाऊन कात्री घेऊन आल्या आणि घरातल्या सपातांवरच झुडपाशी गेल्या. कुठे कापायचं, नव्या कोंबाचा डोळा कुठे सोडायचा, हे आप्पांना दाखवलं. वर नियमही घातला: उजाडल्यावर यायचं, नऊ वाजता, बेल वाजवून कात्री मागायची. अंधारात माझ्या दारात कोणी घसरून पडायला नको.

मग त्यांनी एक भली लांब फांदी कापली, नाकाशी नेली, डोळे मिटून भरपूर वास घेतला आणि आप्पांच्या पुढे धरली.

वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही. आप्पा तर चाळीस वर्षं पिशवीसुद्धा अंगापासून लांब धरून चालत, चुकून वास घेतला जायला नको म्हणून. आता फुटपाथवर उभं राहून हे सगळं मला भाषांतर करून सांगावं लागणार, अशी माझी खात्री झाली. पण आप्पांनी फांदी दोन्ही हातांनी घेतली आणि त्यांना नमस्कार केला.

घरी आल्यावर म्हणाले, "ही आता देवाला नाही चालायची."

"मग?"

"मग काय, आपल्याला. फुलदाणी आहे का?"

अकरा वर्षांत आम्ही एक फुलदाणी घेतली नव्हती. व्यायामाच्या संकल्पापोटी आणलेला माझा प्रोटीनचा शेकर होता, न वापरलेला. त्यात पाणी घालून फांदी पुढच्या खिडकीत ठेवली. मी चहा घेऊन आलो तर आप्पा फुलांत नाक घालून उभे. मला पाहून मागे सरले नाहीत.

"चाळीस वर्षं फुलं आणली. सगळी देवाला दिली. हिला म्हणून एक नाही दिलं." थांबून म्हणाले, "तिनंही मागितलं नाही कधी. पण निर्माल्य उचलताना जरा जास्त वेळ लावायची. मला वाटायचं, कंबर दुखते."



संध्याकाळी बायको आली ती कोट न काढताच खिडकीशी गेली. "कोणी आणलं हे?"

"मी," आप्पा म्हणाले.

शनिवारी मी नाइलाजाने लॅपटॉप उघडला.

"तिकिटाचं बघताय?" आप्पांनी विचारलं.

"हो."

"नका बघू इतक्यात. फेब्रुवारीत त्यांच्याकडे जमिनीतून काहीतरी पांढरं उगवतं म्हणे. ते बघून ठरवू."

"असं कधी म्हणाल्या त्या?"

"काल नऊ वाजता. हाताने दाखवलं, एवढी एवढी असतात."

बायको स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज थांबला, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू झाला.

आप्पा व्हिसा संपेपर्यंत राहिले. रोज नऊला जायचे आणि दोन फांद्या आणायचे, एक देवाची, एक आमची. देवाच्या फांदीचा वास घ्यायचा नाही हे त्यांनी बाईंना कसं समजावलं, ते त्या दोघांनाच ठाऊक. आप्पांना विमानतळावर सोडून आल्यावर मी समोर गेलो, फुलं घेऊन, या वेळी नीट देठासकट. म्हणालो, तुमच्यामुळे ते राहिले, माझ्या बायकोला तिचे वडील तीन महिने मिळाले, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

बाईंनी फुलांचा वास घेतला. "त्यांनी माझी सगळी छाटणी करून दिली," त्या म्हणाल्या. "मागचं कुंपण तेवढं राहिलंय. तुम्ही सकाळी नऊला मोकळे असता का?"